कागदी घोडे आणि पाण्यातले घोडे

१३ जुलै २०२३ या दिवशी दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेचे पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले. त्या ठिकाणी धोक्याची खूण २०५.३३ मीटरवर आहे. सप्टेंबर १९७८ मधील ज्या महापुराच्या आठवणी दिल्लीची जुनी माणसे पंचेचाळीस वर्षे सांगत आली, त्याची रेघदेखील २०७.४९ मीटरवरच थांबली होती. काश्मिरी दरवाजा, यमुना बाजार, मयूर विहाराच्या खालच्या बाजूची शेते, जेथे एरवी रिक्षा आणि हातगाड्या चालावयाच्या तेथे रबरी होड्या चालू लागल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक बटालियन दिल्लीच्या शेजारी गाझियाबाद येथे असते. २००६ साली स्थापन झालेल्या या दलाच्या होड्यांना मागच्या फळीवर एक मोटर टांगलेली असते. वर डोके, मध्ये लांब मान आणि पाण्यात बुडालेला पंखा, असा तिचा एकूण आकार. दोरीला हिसका दिला की ती गुरगुरू लागते आणि माणसांनी भरलेली होडी हळूहळू प्रवाहाच्या तोंडावर चढते.

या मोटरीच्या टोपणावर एक आकडा रंगविलेला असतो. ती किती अश्वशक्तीची आहे, हे तो सांगतो. होडीत किती माणसे घ्यावयाची आणि उलट्या प्रवाहात कोठवर जावयाचे, याचा अंदाज बांधणाऱ्याला तो आकडा म्हणजे शपथेवर दिलेली साक्षच वाटतो. त्याचा इतिहास पाहू गेल्यास मात्र तो साक्षीपेक्षा लग्नाच्या बोलणीत सांगितलेल्या उत्पन्नाच्या अधिक जवळचा असल्याचे दिसून येते. खोटा नव्हे, पण कोठे मोजले, कसे मोजले आणि खर्च वजा जाता हाती काय पडते, हे विचारल्यावाचून पुरता खराही नव्हे. विशेषतः जुन्या मोटरींच्या बाबतीत 'दहा अश्वशक्ती' हे शब्द दोन कारखान्यांच्या तोंडी दोन निराळ्या अर्थांनी येत. हा फरक केवळ विक्रेत्याच्या जिभेत नव्हता. त्याचे मूळ यंत्राच्या घडणीत होते.

अश्वशक्ती हे माप मुळातच व्यापाराच्या सोयीने जन्मास आले. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे विकावयाची होती आणि गिऱ्हाईक विचारी, 'हे माझ्या किती घोड्यांचे काम करील?' वॉटने ठरविले की, एका मिनिटात तेहतीस हजार पौंड वजन एक फूट उचलणारे यंत्र एका घोड्याच्या बरोबरीचे समजावे. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याला हे झेपणारे नव्हे. परंतु उदार अंदाजामुळे गिऱ्हाइकाची तक्रार उरली नाही. पुढे जहाजांवर यंत्रे चढली तेव्हा याहून मोठा घोळ झाला. मुंबईच्या गोदीत बांधलेली आणि १८२९ साली पाण्यात सोडलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्यावर प्रत्येकी ऐंशी अश्वशक्तीची दोन यंत्रे असल्याचे नमूद होते. त्या काळी जहाजांच्या यंत्रांची शक्ती सांगताना ती मोजून पाहण्याची रीत नव्हती. सिलिंडरचा व्यास घ्यावयाचा, दट्ट्याचा वेग नियमाप्रमाणे धरावयाचा, वाफेचा दाब दर चौरस इंचाला सात पौंड मानावयाचा आणि गुणाकार करून मोकळे व्हावयाचे. त्या शक्तीला 'नाममात्र अश्वशक्ती' म्हणत. पुढे बाष्पपात्रे सुधारली, दाब वाढला आणि खरी शक्ती नाममात्र शक्तीच्या कित्येक पट झाली, तरी कागदावरचा आकडा जुन्या सूत्राप्रमाणेच निघत राहिला. कागदी घोडे नाचविणे हा मराठीतला वाक्प्रचार सरकारी दप्तरांसाठी वापरला जातो. आगबोटींच्या नोंदवह्यांना तो अक्षरशः लागू पडला असता.

होडीच्या पाठीला टांगावयाच्या मोटरीचा जन्म वाफेच्या युगाच्या अखेरीस झाला. अमेरिकेत १८९६ पासून असे प्रयत्न चालू होते आणि कॅमेरून वॉटरमन याने १९०५ नंतर अशा मोटरी बनवून विकल्याही होत्या. परंतु हे यंत्र घरोघर पोचविले ते ओले एव्हिनरूड याने. हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आलेला कारागीर. उन्हाळ्याच्या एका दिवशी सरोवराच्या पलीकडून आपल्या भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारून तो घामाघूम झाला, आइस्क्रीम वितळले आणि मोटरीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका गोड आहे; वितळलेल्या आइस्क्रीमपेक्षा मिलवॉकीच्या कारखान्यांत घेतलेल्या धड्यांचा वाटा त्यात मोठा असावा. १९०९ साली त्याची मोटर बाजारात आली. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती आणि वजन बासष्ट पौंड.

हे यंत्र दोन धावांच्या चक्रावर चालणारे होते आणि त्याच्या पोटात काय घडते हे समजल्यावाचून पुढची कथा उलगडत नाही. मोटारगाडीच्या नेहमीच्या यंत्रात दट्ट्या दोनदा खाली व दोनदा वर जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर लोटणे या चार कामांना चार धावा मिळतात. होडीच्या जुन्या मोटरीत हीच चारी कामे दोन धावांत उरकावी लागतात. त्यासाठी दट्ट्याच्या खालची बंद पेटी पंपासारखी वापरली जाते. दट्ट्या वर चढताना खालच्या पेटीत हवा आणि इंधनाचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये शिरते आणि शिरता शिरता जळलेला धूर समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलते. प्रत्येक फेरीला एक स्फोट. यंत्र हलके, भाग थोडे, झडपांची खटपट नाही. म्हणूनच खांद्यावरून नेता येईल अशी मोटर शक्य झाली. पण या सोयीची किंमतही त्याच जागी दडलेली आहे. ताजे मिश्रण आणि जुना धूर एकाच वेळी एकाच खोलीत असतात. घरातले पाहुणे निघण्यापूर्वीच नवे पाहुणे दारात यावेत, आणि गडबडीत नव्यांपैकीच काही जण मागच्या दाराने बाहेर पडावेत, तसा हा प्रकार. किती ताजे मिश्रण आत राहिले आणि किती धुराबरोबर वाया गेले, यावर त्या मोटरीचे खरे घोडे ठरतात.

कोणत्याही यंत्राची शक्ती तीन गोष्टींच्या गुणाकारातून निघते. सिलिंडरमध्ये जागा किती, स्फोटाचा सरासरी दाब किती आणि मिनिटाला स्फोट किती. जागा वाढवावी तर वजन वाढते. म्हणून नामवंत कारागिरांची सारी धडपड उरलेल्या दोन गोष्टींसाठी झाली.

पहिला प्रश्न मिश्रण आत घेण्याचा. सुरुवातीच्या अनेक मोटरींत दट्ट्याची खालची कडच दरवाजाचे काम करी. ती वर सरकली की सिलिंडरच्या भिंतीतील खिडकी उघडी पडे. याहून साधी रचना कल्पिता येणार नाही. परंतु अशी खिडकी वर जाताना जितकी आधी उघडते, खाली येताना तितकीच उशिरा मिटते. त्यामुळे मंद गतीत ओढलेले मिश्रण पुन्हा कार्बुरेटरकडे फुंकले जाते आणि मोटर एका ठरावीक वेगाच्या आसपासच मनापासून चालते. दुसरी तऱ्हा फिरत्या झडपेची. क्रँकदांड्याबरोबर फिरणारी चकती किंवा नळी योग्य क्षणी वाट उघडी आणि योग्य क्षणी मिटवी. शर्यतीच्या मोटरींनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. तिसरी तऱ्हा पोलादाच्या पातळ, लवचिक पात्यांची. हार्मोनियमच्या सुरांना जशी पाती असतात तशी ही पाती पेटीतला दाब कमी झाला की आपोआप उघडतात आणि वाढला की मिटतात. त्यांना वेळापत्रक लागत नाही. मंद वेगातही ती चुकत नाहीत आणि द्रुत वेगातही पुष्कळ साथ देतात. कार्ल कीकहेफर याने १९३९ साली विस्कॉन्सिनमधील एक बंद पडलेला कारखाना घेऊन 'मर्क्युरी' मोटरी काढल्या. त्यांनी ही पाती लोकप्रिय करण्यात मोठा वाटा उचलला आणि पुढे बहुतेक सर्व कारखाने त्याच वाटेने गेले.

दुसरा प्रश्न अधिक कठीण, तो म्हणजे पाहुण्यांची गल्लत टाळण्याचा. मिश्रण एका बाजूने येते आणि धूर समोरून जातो; मग मिश्रणाने सरळ समोरचे दार का धरू नये? जुन्या मोटरींत यासाठी दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा असे. त्यावर आपटून मिश्रण वर उसळे, सिलिंडरच्या छतापर्यंत जाऊन खाली वळे आणि मग धुराला लोटी. उंचवट्याचा दट्ट्या मंद गतीत शांत चालतो, बनवावयास स्वस्त असतो. पण माथा असा वेडावाकडा असला की, स्फोटाची खोलीही वेडीवाकडी होते. उंचवटा तापून लाल होतो, दाब फार वाढविला तर इंधन वेळेपूर्वी भडकते. म्हणून या घडणीला शक्तीची एक मर्यादाच होती. जर्मनीतील अडॉल्फ श्न्यूर्ले याने १९२० च्या दशकाच्या मध्याला यावर तोडगा काढला. मिश्रणाच्या वाटा अशा कोनांत कापल्या की, दोन प्रवाह एकमेकांवर आदळून मागच्या भिंतीवर चढतील आणि वळसा घेऊन परततील. दट्ट्याचा माथा आता जवळजवळ सपाट ठेवता आला. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलींनी ही रचना महायुद्धापूर्वीच वापरली होती. होडीच्या मोटरींत मात्र ती उशिरा शिरली. जॉन्सन व एव्हिनरूड यांच्या पंचावन्न अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरी मोटरीत १९६८ साली, आणि मर्क्युरीच्या एकशे पंचाहत्तर अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी मोटरीत १९७६ साली. चाळीस वर्षे ज्ञान एका देशात तयार होते आणि कारखाने जुन्याच साच्यांवर दट्ट्ये ओतत होते. साचे महाग असतात, हे त्याचे साधे कारण. शिवाय मासे धरणाऱ्याला मंद गतीत न फुरफुरणारी मोटर हवी असे आणि ती उंचवट्याच्या दट्ट्याकडून त्याला मिळत होती.

तिसरा प्रश्न फेऱ्यांचा, म्हणजे पर्यायाने बेअरिंगांचा आणि तेलाचा. जुन्या मोटरीत क्रँकदांडा पितळी वा काशाच्या वेष्टनात फिरे. त्याला भरपूर तेल लागे. ब्रिटिश सीगल या मोटरीच्या जुन्या जातींत दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल मिसळावे लागे. मागून निळा धूर निघे आणि पाण्यावर इंद्रधनुष्य पसरे. गोळ्यांची व सुयांची बेअरिंगे आली, तसे तेल कमी झाले; १९६४ पासून एव्हिनरूड-जॉन्सनच्या मोटरी पन्नासाला एक या प्रमाणावर चालू लागल्या. घर्षण घटले, फेऱ्या वाढल्या आणि तेवढ्याच जागेतून अधिक घोडे निघाले. याच वाटेवर सिलिंडरांची संख्याही वाढली होती. एका सिलिंडरचे यंत्र होडीला हादरवून टाकी. एव्हिनरूडने १९२१ साली काढलेल्या 'एल्टो' मोटरीत दोन सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला बसविले होते. दोन्ही दट्ट्ये एकाच क्षणी बाहेर धावत, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकी. अॅल्युमिनियमचा उपयोग केल्याने तिचे वजन पन्नास पौंडांच्या आत आले आणि शक्ती तीन अश्वशक्ती झाली. जॉन्सन बंधूंनी त्याच सुमारास पस्तीस पौंडांची दोन अश्वशक्तीची मोटर काढली. १९२८ साली चार सिलिंडरांची अठरा अश्वशक्तीची एल्टो आली. १९०९ ते १९२८ या एकोणीस वर्षांत आकडा बारा पट झाला.

आकडा वाढला तशी त्याबद्दलची शंकाही वाढली. प्रत्येक कारखानदार आपल्या परीने घोडे मोजू लागला, तेव्हा धंद्याला पंचाची गरज भासली. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत 'आउटबोर्ड बोटिंग क्लब' या संस्थेच्या प्रमाणपत्रासह अश्वशक्ती जाहिरातींत छापली जाई. 'चार हजार फेऱ्यांना दहा अश्वशक्ती' असा तो मजकूर असे. वाचणारा दहा हा शब्द लक्षात ठेवी आणि चार हजार विसरे. सगळी मेख तेथेच होती. १९४९ ची जॉन्सनची दहा अश्वशक्तीची मोटर घेतली तर तिच्या दोन सिलिंडरांत मिळून सुमारे दोनशे बहात्तर घन सेंटिमीटर जागा होती. पुढे, मागे आणि मोकळे असे तीन टप्पे बदलता येणारी आणि इंधनाची टाकी वेगळी ठेवणारी ही मोटर कुटुंबवत्सल माणसांची आवडती ठरली. त्याच काळातील मर्क्युरीच्या दहा अश्वशक्तीच्या मोटरीत जागा होती सुमारे तीनशे चोवीस घन सेंटिमीटर. शिवाय लवचिक पाती, गोळ्यांची बेअरिंगे आणि सांगितलेल्या फेऱ्यांपलीकडे मोकळेपणाने धावण्याची तयारी. टोपणावर दोघींचाही आकडा दहाच. पाण्यावर मात्र दुसरी दहाची मोटर वीसच्या पंक्तीला बसे, हे त्या काळच्या होडीवाल्यांत सर्वश्रुत होते. कारखान्याने आकडा मुद्दाम कमी सांगितला, असे पुष्कळांचे मत. असेलही. गिऱ्हाईक दहाचे पैसे मोजतो आणि शेजाऱ्याच्या मोठ्या मोटरीला मागे टाकून घरी येतो, याहून चांगली जाहिरात कोणती? वॉटने घोडा मोठा धरला, याने घोडे कमी सांगितले. दोघांचाही हेतू गिऱ्हाइकाला तक्रारीस जागा ठेवू नये हाच होता.

आता मोजण्याच्या जागेचा प्रश्न. मोटरीची मान लांब असते. वर डोक्यात शक्ती निर्माण होते आणि ती उभ्या दांड्यातून खाली उतरते. तेथे तिरक्या दंतचक्रांवर काटकोनात वळून पंख्याकडे जाते. वाटेत थंड पाणी खेचणारा पंप आपला हिस्सा घेतो, दंतचक्रे घेतात, तेल अडविणाऱ्या चकत्या घेतात. धूर पाण्याखाली सोडला की आवाज मरतो, पण पाण्याचा दाब धुराला अडवितो आणि त्यातही काही घोडे बुडतात. जुन्या मोटरींचा आकडा पुष्कळदा वरच्या डोक्यापाशीच मोजलेला असे. सरकारी अनुदान दिल्लीहून निघताना किती होते आणि गावात पोचल्यावर किती उरले, असा हा फरक आहे. साधारणपणे दहावा हिस्सा वाटेत जाई. १९८० च्या दशकाच्या मध्याला नौकाउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मोटरीची शक्ती पंख्याच्या दांड्यापाशी मोजण्याची पद्धत रूढ झाली, आणि जुन्याच घडणीच्या काही मोटरी नव्या वर्षी कमी आकड्याने विकल्या जाऊ लागल्या. यंत्र तेच, घोडे फक्त पाण्याजवळ येऊन मोजले गेले. या नियमातही आकड्याला शेकडा दहापर्यंत इकडेतिकडे होण्याची सवलत होती.

पण पंख्याच्या दांड्यापाशी मोजलेले घोडे तरी होडीला ओढतात काय? ते पंख्यावर अवलंबून. सीगल ही इंग्रजी मोटर १९३० च्या दशकाच्या आरंभी जन्मली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने तिचा मोठा वापर केला. दिसावयास ती अगदी ओबडधोबड, उघड्यानागड्या भागांची. तिच्या मोठ्या जातीतही सिलिंडरची जागा सुमारे शंभर घन सेंटिमीटर, म्हणजे अमेरिकन मोटरीपुढे खेळणेच. तरीही ती जड लाकडी पडाव निमूटपणे ढकली. कारण तिची दंतचक्रे फेऱ्या पुष्कळ कमी करून एक मोठा पंखा सावकाश फिरवीत. पंख्याचे गणित असे आहे की, होडी जवळपास जागच्या जागी असताना मिळणारा धक्का शक्ती आणि पंख्याचा व्यास या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. म्हणजे आदर्श हिशेबाने पाच अश्वशक्तीच्या मोटरीला दुप्पट व्यासाचा पंखा मिळाला, तर तिचा धक्का दहा अश्वशक्तीच्या मोटरीइतकाच होतो. हलक्या होडीला वेगाने पाण्यावर उचलून नेणे हे एक काम, आणि माणसांनी भरलेल्या जड होडीला प्रवाहात नेटाने धरून ठेवणे हे दुसरे; पहिल्याला लहान, द्रुत पंखा हवा आणि दुसऱ्याला मोठा, मंद. मार्च १९४५ मध्ये दोस्त सैन्याने ऱ्हाइन नदी ओलांडली तेव्हा हल्ल्याच्या सपाट होड्यांवर चार सिलिंडरांच्या, सुमारे पन्नास अश्वशक्तीच्या एव्हिनरूड मोटरी लावल्या होत्या. तेथे ओघ तोडून झटक्यात पलीकडे जावयाचे होते. पुरात छपरावरच्या कुटुंबाला उतरवून घेताना होडी भिंतीपाशी स्थिर ठेवावी लागते. टोपणावरचा आकडा या दोन कामांत भेद करीत नाही.

हिंदुस्थानात या मोटरींच्या आकड्याला आणखी एक कलाटणी मिळाली, ती इंधनामुळे. १९५२ च्या ऑक्टोबरात नवी दिल्लीत भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात मच्छीमारीच्या सुधारणेचा करार झाला. ज्या नॉर्वेने अमेरिकेला एव्हिनरूड दिला, तोच देश केरळच्या किनाऱ्यावर होड्यांना यंत्रे बसविण्यास आला होता. त्या प्रकल्पातील होड्यांत डिझेल यंत्रे पोटात बसविलेली असत आणि त्यांना बंदर लागे. वाळूवर ओढून ठेवावयाच्या पारंपरिक होड्यांना पोटातले यंत्र सोसत नाही. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात पाठीवर टांगावयाच्या जपानी मोटरी आल्या आणि कोकणातील खाड्यांतूनही अशा मोटरी दिसू लागल्या. पेट्रोल परवडेना म्हणून यातल्या बहुतेक मोटरी घासलेटवर चालणाऱ्या होत्या. थंड यंत्रात घासलेटची नीट वाफ होत नाही, म्हणून मोटर पेट्रोलवर सुरू करून तापली की घासलेटवर वळवावयाची. पण घासलेट दाबाखाली लवकर भडकते. त्यासाठी सिलिंडरमधला दाब कमी ठेवावा लागतो आणि दाब कमी म्हणजे तेवढ्याच जागेतून घोडे कमी. एकाच कारखान्याच्या, दिसावयास जुळ्या भासणाऱ्या पेट्रोलच्या आणि घासलेटच्या मोटरींवर निराळे आकडे असतात ते यामुळे. घासलेटची शक्ती कमी. परंतु कोळ्याच्या खर्चवहीत तीच मोटर पुढे.

दिल्लीचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. मापांचा शेवटचा निवाडा याच शहरात होतो. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांच्या हस्ते उघडलेल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची सत्तावन्न क्रमांकाची प्रत ठेवलेली आहे, आणि १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली. अश्वशक्ती या दशमान घरात कधीच नीट मावली नाही. वॉटचा घोडा ७४६ वॉटचा. युरोप आणि जपान यांचा दशमान घोडा साडेसातशे सोडा, ७३५.५ वॉटचाच. शंभर अश्वशक्तीच्या मोटरीत या एका कारणाने जवळजवळ दीड घोड्याचा फरक पडतो. हा फरक मात्र होडीवाल्याने विसरून जाण्याजोगा आहे, कारण खुद्द दिल्लीची हवाच त्याहून अधिक घोडे खाते. मोटरीची शक्ती मोजताना हवा पंचवीस अंशांची आणि बऱ्यापैकी कोरडी धरतात. दिल्ली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून उंच; जुलैत उष्मा तेहतीस-चौतीस अंशांचा, मोसमी वाऱ्यांमुळे हवेचा दाब उतरलेला आणि हवेत पाण्याची वाफ दाटलेली. वाफेने व्यापलेल्या जागेत प्राणवायू नसतो. ढोबळ हिशेबाने अशा दिवशी मोटरीच्या शक्तीतून शेकडा पाच-सहा वजा होतात. पूर नेमका अशाच दिवसांत येतो.

पुराच्या पाण्यात लाकडे असतात, चिंध्या असतात, पलंगाच्या नायलॉनच्या पट्ट्या असतात. जुन्या मोटरी घडविणाऱ्यांनी यासाठी पंख्यात एक मऊ धातूची पिन ठेवली होती. पंखा ओंडक्यावर आपटला की पिन तुटे आणि दंतचक्रे वाचत; होडीवाल्याच्या खिशात चार पिना आणि एक पक्कड असे. नंतरच्या मोटरींत पिनेच्या जागी पंख्याच्या पोटात रबराची कडी आली. ती ठेच सोसते, सहसा तुटत नाही; पण झिजली म्हणजे वरचे डोके जोरात फिरत राहते आणि पंखा मात्र आळसावतो. अशा वेळी टोपणावर कोणताही आकडा असो, होडी जागची हलत नाही.

२०२३ चा पूर ओसरला आणि यमुना पुन्हा आपल्या पात्रात गेली. वझिराबादपासून ओखल्यापर्यंत वर्षातले बहुतेक महिने ती संथ आणि उथळ असते. यमुना बाजाराच्या घाटांवर नावाडी वल्ह्यांनीच नावा चालवतात. हिवाळ्यात दूरदेशीचे कुरव पक्षी पाहावयास आलेल्या लोकांना फिरवून आणण्यासाठी तेवढे पुरे होते. ओखल्याच्या बंधाऱ्याजवळ जलपर्णीचे गालिचे पसरलेले असतात. तेथे मोटरीची होडी गेलीच तर थोड्याच वेळात पंख्याभोवती हिरव्या देठांचा गोळा जमतो, फेऱ्या मंदावतात, आणि मोटर बंद करून ती पाण्याबाहेर कलती करावी लागते. एक जण वाकून हाताने देठ सोडवितो. तोवर दुसरा वल्ही मारतो.